संगमाच्या काठची शाळा

गेल्या वर्षी पावसाळ्यात आमच्या भाचीच्या घरी एक छोटेसे महाभारत घडले. तिची मुलगी बारावीच्या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेतही तिने चांगली बाजी मारली. घरात पेढे आले, देवापुढे ठेवून झाले, शेजारीपाजारी वाटूनही झाले. आणि त्याच संध्याकाळी घरातला गोडवा एकाएकी उतरला! कारण कॉलेजांच्या पसंतीची यादी भरताना मुलीने पहिल्याच ओळीत लिहिले होते, पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज, शाखा सिव्हिल.

जावईबापू स्वतः एका कंपनीत हिशेबनीस. त्यांचे म्हणणे असे की, दुसऱ्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची शाखा मिळण्यासारखी असताना ही पोर उन्हातान्हात, सिमेंटच्या धुळीत उभी राहायला का निघाली? चार वर्षांनी मैत्रिणी गारेगार कचेरीत बसून गलेलठ्ठ पगार घेतील आणि ही कुठल्या तरी आडगावी डोक्यावर टोपी घालून मुकादमाशी हुज्जत घालील! बापाची काळजी काही खोटी नव्हती. यादी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत भरायची होती.

भाचीचा फोन आला, "मामा, तुमचं ती ऐकते. तुम्हीच तिला दोन शब्द सांगा ना."

आता आम्ही आयुष्यभर केली कारकुनी. आम्ही काय सांगणार? पण नातीला म्हटले, "चल, सकाळी फिरायला जाऊ." आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही दोघे संगमाच्या पुलावर जाऊन उभे राहिलो.

पुण्याच्या रेल्वे स्टेशनावरून शिवाजीनगरकडे जाताना हा पूल लागतो. खाली मुठा वाहते, थोडे पुढे जाऊन ती मुळेला मिळते आणि पुलापलीकडे झाडांच्या गर्दीत ते जुने दगडी कॉलेज उभे आहे. वाचकांपैकी कित्येकांनी बसच्या खिडकीतून ते शेकडो वेळा पाहिले असेल. पण त्याची जन्मकथा मोठी गमतीची आहे, आणि नातीला आम्ही सांगितली ती तीच.

हे कॉलेज विद्वान निर्माण करण्यासाठी निघालेच नव्हते! १८५४ सालच्या जुलै महिन्यात इंग्रज सरकारने पुण्यात भवानी पेठेतल्या लहानशा घरांमध्ये एक वर्ग आणि त्याला जोडून यंत्रशाळा सुरू केली. तो काळ लक्षात घ्या. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी धावून जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. रस्ते, पूल, कालवे, सरकारी इमारती यांची कामे भराभर निघत होती. साहेब नकाशा काढणार, साहेब हुकूम सोडणार. पण मजुरांकडून काम करून घेणारा, फूट-इंच मोजणारा, चुना नीट मळला की नाही ते पाहणारा माणूस इथलाच हवा होता. अशी हाताखालची माणसे तयार करायची, एवढाच या शाळेचा माफक हेतू. ओव्हरसियर आणि सर्व्हेअर तयार झाले म्हणजे पुष्कळ झाले!

पण विद्येचे एक असते. ती कुणाला किती द्यायची हे देणाऱ्याने ठरवले, तरी घेणारा किती घेईल हे काही त्याला ठरवता येत नाही.

दहाबारा वर्षांतच या शाळेचे कॉलेज झाले आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडले गेले. १८६५ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते सध्याच्या मुख्य इमारतीची कोनशिला बसली आणि १८६८ अखेर ती इमारत उभी राहिली. पुढे या कॉलेजाने 'कॉलेज ऑफ सायन्स' हे नावही काही काळ मिरवले. इंजिनिअरांबरोबर शेतकी शिकणारी मुलेही इथेच येत. १९११ साली 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पूना' हे नाव कायम झाले. स्वातंत्र्यानंतर पुणे विद्यापीठ निघाले तेव्हा कॉलेज त्याच्या छत्राखाली आले. आणि २०२२ साली तर महाराष्ट्र सरकारने कायदा करून त्याचेच स्वतंत्र विद्यापीठ केले. भवानी पेठेतला तो वर्ग आज 'सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ' झाला आहे. जुने पुणेकर मात्र अजून 'इंजिनिअरिंग कॉलेज' एवढेच म्हणतात आणि रिक्षावाल्याला ते कळते!

"आजोबा, इथले पहिले प्रिन्सिपॉल कोण होते?" नातीने मधेच विचारले.

पहिले कोण ते राहू द्या. पण ज्यांनी या कॉलेजाला आकार दिला त्यांचे नाव थिओडोर कुक. हा आयर्लंडचा माणूस. १८६० साली हिंदुस्थानात आला तो बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा इंजिनिअर म्हणून. वसईच्या खाडीवरचा त्या वेळचा लोखंडी पूल उभारण्याचे काम त्याने केले. १८६५ साली तो पुण्याला प्रिन्सिपॉल होऊन आला आणि पंचवीसहून अधिक वर्षे इथेच राहिला. पुलांचा हिशेब करणाऱ्या या माणसाचा दुसरा जीव होता झाडापानांत. सह्याद्रीतल्या, कोकणातल्या, देशावरच्या वनस्पती तो गोळा करी, तपाशी, त्यांची टिपणे ठेवी. निवृत्त होऊन विलायतेला गेल्यावर त्याने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, तो १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. आज शंभराहून अधिक वर्षांनंतरही महाराष्ट्रातल्या झाडाझुडपांचा अभ्यास करणाराला कुकसाहेबाचे पान उलटावेच लागते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉलने गवताच्या पात्यांचाही हिशेब ठेवावा, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर डोके काढून पाहणारा गुरू विद्यार्थ्याला मिळणे हे भाग्याचेच.

आणि याच कुकसाहेबाच्या कारकिर्दीत म्हैसूर संस्थानातून एक सडसडीत मुलगा शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला आला. घरची गरिबी. लहानपणीच वडील गेलेले. बंगलोरला शिकवण्या करून शिकला आणि बी. ए. झाला. पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली तो एल. सी. ई. च्या परीक्षेत पहिला आला. त्या काळी इंजिनिअरिंगच्या पदवीचे हेच नाव होते आणि नावापुढे ती तीन अक्षरे लागली की समाजात भाव वधारे. या मुलाचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात ते १८८४ साली असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. सुरुवातीच्या कामांपैकी एक होते धुळ्याकडे, पांजरा नदीच्या पात्रातून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे. पुढे सिंधमधल्या सक्करची पाणीपुरवठ्याची योजना, नीरेच्या कालव्यावर पाणी वाटपाची ब्लॉक पद्धत, अशी एकेक कामे करीत ते पुण्याला आले. आणि मग खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी जो चमत्कार केला, तो तर शाळेतल्या पोराला सांगण्याजोगा आहे.

खडकवासल्याचे धरण १८७९ साली पुरे झालेले. पावसाळ्यात ते भरून वाही आणि ते पाणी वाया जाई. पाणी जास्त साठवायचे तर भिंत उंच करायला हवी. भिंत उंच केली तर पाया तो भार पेलील की नाही ही शंका. विश्वेश्वरय्यांनी भिंतीला हात लावला नाही. सांडव्यावर त्यांनी अशी लोखंडी दारे बसवली की, पाणी ठराविक पातळीपर्यंत चढेतो ती बंद राहून पाणी अडवीत आणि पातळी ओलांडली की पाण्याच्याच बळाने आपोआप उघडत. पूर ओसरला की पुन्हा मिटत. रात्री-बेरात्री कुणी जाऊन चाक फिरवायला नको! ही दारे १९०३ साली बसली. त्यांचे पेटंटही त्यांनी घेतले. पुढे म्हैसूरचे दिवाणपद, कृष्णराजसागर धरण, १९५५ सालचा 'भारतरत्न' किताब हे सारे सर्वश्रुतच आहे. त्यांचा वाढदिवस, १५ सप्टेंबर, आपल्याकडे इंजिनिअरांचा दिवस म्हणून पाळतात.

हाताखालची माणसे घडवायला काढलेल्या शाळेने तीस वर्षांच्या आत असा माणूस घडवला!

नात पुलाच्या कठड्याला टेकून खाली पाण्याकडे पाहत होती. म्हणाली, "खडकवासल्याचं पाणी इथूनच जातं ना?"

इथूनच जाते, आणि म्हणून पुढची गोष्ट तिला सांगणे भाग होते. १२ जुलै १९६१. आमच्या पिढीच्या पुणेकराला ही तारीख विसरता येत नाही. पानशेतचे मातीचे धरण अजून पुरते बांधून व्हायचे होते, आणि त्या अर्धवट धरणात पाणी चढत गेले. त्या दिवशी सकाळी ते फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आदळला आणि तेही धरण फुटले. याच मुठेचे पाणी पेठापेठांतून शिरले. वाडे कोसळले, संसार वाहून गेले, आणि पुणेकर कित्येक दिवस प्यायच्या पाण्यालाही मोताद झाले. वाड्यांच्या भिंतींवरच्या पुराच्या खुणा दाखवीत म्हातारी माणसे पुढे कित्येक वर्षे ती हकीकत सांगत.

"हे मी तुला भिववायला सांगत नाही," मी म्हटले. "पण सिव्हिल शाखा म्हणजे काय, ते या नदीला विचार. हिशोबनीसाची चूक वहीत राहते, खोडता येते. इंजिनिअरची चूक लोकांच्या दारात येऊन उभी राहते. तुझ्या सहीखाली लोक झोपणार आहेत."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणूनच तर शिकायचं ना, आजोबा."

आम्ही पुढे निघालो. वाटेत तिनेच विषय काढला. "बाबा म्हणतात, इथली हुशार मुलं सगळी अमेरिकेला जातात."

हा प्रश्न आज घरोघरचा आहे. आमच्याच आळीत तीन घरांत नुसती म्हातारी माणसे उरली आहेत आणि रविवारी सकाळी तिन्ही घरांत परदेशातल्या नातवंडांशी बोलणे चालते. तेव्हा या गोष्टीचे नीट माप घ्यावे हे बरे.

या कॉलेजातून गेलेले दोघे पाहा. थॉमस कैलाथ हे १९३५ साली पुण्यातच जन्मले. कुटुंब मूळचे केरळचे. १९५६ साली त्यांनी इथे टेलिकम्युनिकेशनची पदवी घेतली. पुढे ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि १९६१ साली डॉक्टरेट घेऊन नंतर स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. संदेश एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना वाटेत खरखर मिसळते. तीतून मूळ संदेश नेमका कसा वेचून काढायचा, याचे गणित हा त्यांचा विषय. तेच गणित पुढे त्यांनी सिलिकॉनच्या चिपा बनवण्याच्या कामी लावले. शंभराहून अधिक संशोधक त्यांच्या हाताखाली तयार झाले. २००९ साली आपल्या सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि २०१४ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांना तिथले राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले.

दुसरे चंद्रकुमार नारणभाई पटेल. हे आपल्या बारामतीचे! तिथे १९३८ साली त्यांचा जन्म झाला. १९५८ साली ते या कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा वय होते जेमतेम वीस. स्टॅनफर्डला डॉक्टरेट करून ते बेल प्रयोगशाळेत रुजू झाले आणि १९६४ साली त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेसर जगापुढे ठेवला. आपण श्वासाबरोबर बाहेर टाकतो तोच हा वायू. पण त्याच्यातून त्यांनी असा प्रखर किरण काढला की तो पोलादाचा पत्रा लोण्यासारखा कापतो आणि शस्त्रक्रियेत सर्जनच्या सुरीचेही काम करतो. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही पत्रा कापण्याच्या कारखान्यात डोकावलात, तर पुष्कळदा याच घराण्याचे यंत्र काम करताना दिसे. म्हणजे बारामतीचा मुलगा अमेरिकेला गेला खरा, पण त्याची विद्या फिरून पुन्हा पुण्याच्या वेशीवर आली.

आता न गेलेले दोघे. वाईजवळच्या पसरणी गावचे बाबुराव गोविंदराव शिर्के. शेतकऱ्याचा मुलगा. १९४३ साली इथून सिव्हिलची पदवी घेतली, आणि नोकरीच्या मागे न लागता दुसऱ्याच वर्षी स्वतःचा बांधकामाचा व्यवसाय सुरू केला. स्वीडनमधल्या 'सिपोरेक्स' पद्धतीच्या हलक्या काँक्रीटचे ठोकळे त्यांनी पुण्यात बनवले. पावाच्या लादीला जशी जाळी पडते तशी या काँक्रीटला आतून जाळी असते. त्यामुळे वजन कमी आणि भिंत झटपट उभी राहते. हजारो कुटुंबांच्या डोक्यावर त्यांनी छप्पर घातले. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल उभारले तेही त्यांच्याच कंपनीने. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आणि माधवराव चितळे. चाळीसगावचे. १९५५ साली या कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर होऊन त्यांनी सरकारी नोकरी धरली. धरणे आणि पाणी यांत सारे आयुष्य घालवले आणि केंद्र सरकारच्या जलसंसाधन खात्याच्या सचिवपदापर्यंत पोचले. १९९३ साली त्यांना स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळाला. पाण्याच्या क्षेत्रात यासारखा दुसरा मान जगात नाही. धरण बांधून इंजिनिअरचे काम संपत नाही, पाणी वापरणाऱ्याला त्याची किंमत कळली पाहिजे, म्हणून ते गावोगाव बोलत राहिले. आणि कुकसाहेबाची आठवण व्हावी अशी गंमत म्हणजे, हेच चितळे वाल्मीकि रामायणावरही तितक्याच गोडीने व्याख्याने देत आणि लिहीत!

"तेव्हा कोण गेले आणि कोण राहिले," मी नातीला म्हटले, "यावरून माणसाचे मोल करू नये. हातून काय झाले ते पाहावे."

बोलत बोलत आम्ही कॉलेजच्या फाटकापाशी आलो. इथल्या मुलांचा नदीशी जुना स्नेह. कॉलेजचा बोट क्लब आहे आणि १९२८ पासून चालत आलेला रेगाटा हा त्यांचा जलोत्सव पाहायला पुणेकर काठावर गर्दी करतात. सुकाणू आणि वल्ही धरलेली मुले-मुली पाण्यावर नावांच्या निरनिराळ्या आकृत्या करतात. एका नावेचा ठोका चुकला की सारी आकृती विस्कटते; म्हणून महिना महिना सराव चालतो.

पण आम्हाला मुलांची सगळ्यात मोठी वाटणारी कामगिरी पाण्यावरची नाही, ती आभाळातली आहे. २००८ च्या सुमारास इथल्या काही विद्यार्थ्यांनी स्वतःचा उपग्रह बांधायचे मनावर घेतले. नाव ठेवले 'स्वयं'. आकार विचाराल तर दहा सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच उंच. म्हणजे घरातल्या साखरेच्या डब्याएवढा! वजन सुमारे एक किलो. आकाशात उपग्रहाचे तोंड हव्या त्या दिशेला ठेवायचे तर एरवी त्यात फिरती चाके बसवतात आणि त्यांना वीज लागते. या मुलांनी एक साधा लोहचुंबक बसवला. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकत्वाने वळते तसा हा डबा आपोआप वळणार, आणि त्याचे डोलणे थांबवायला खास धातूच्या दांड्या. वीज अजिबात नको. खडकवासल्याच्या आपोआप उघडणाऱ्या दारांची आठवण झाल्याशिवाय राहते का?

२२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेट वीस उपग्रह घेऊन उडाले, त्यांत हा 'स्वयं' होता. पण यातली खरी गोष्ट पुढेच आहे. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि उपग्रहाला लागली आठ वर्षे! म्हणजे ज्यांनी पहिली आकृती काढली ती मुले उपग्रह उडेपर्यंत केव्हाच नोकरीधंद्याला लागली होती. मधल्या मुलांनी वरच्या वर्गाकडून वह्या घेतल्या, चुका दुरुस्त केल्या आणि खालच्या वर्गाच्या हाती देऊन निघून गेली. दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांचे हात त्या डब्याला लागले. ज्याचे फळ आपल्या डोळ्यांदेखत पदरात पडणार नाही अशा कामात रात्री जागवणारी ही विशीतली मुले! आंबा लावणाऱ्या आजोबांच्या गोष्टी आपण सांगतो. इथे नातवंडांनीच आंबा लावला.

फाटकावरून परतताना नातीने विचारले, "पण तुम्ही मला नक्की काय करायला सांगता, आजोबा?"

"मी काहीच सांगत नाही. संध्याकाळी बाबांना ही नदीची गोष्ट सांग. मग ते काय म्हणतात ते मला कळव."

बापलेकीचे काय बोलणे झाले ते आम्हाला ठाऊक नाही. रात्री भाचीचा फोन आला, "मामा, यादी भरली. पहिल्या ओळीत सिव्हिलच आहे. तुम्हाला समजवायला पाठवलं होतं, की भरीला घालायला?" पण आवाजात राग नव्हता.

भाऊबीजेला आम्ही त्यांच्याकडे गेलो. दरवर्षी पावसाळ्यात त्यांच्या गच्चीवर पाणी तुंबून खालच्या खोलीत ओल येते. गवंड्यांनी दोनदा पैसे खाल्ले, ओल तिथेच. पोरगी गवंडी वापरतात तशी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन गच्चीवर ओणवी झाली होती, आणि पाण्याची पातळी पाहून खडूने खुणा करीत होती. गच्चीचा उतार मोरीकडे नव्हताच. तो उलटा, भिंतीकडे होता!

नळीचे दुसरे टोक कठड्याला धरून जावईबापू उभे होते. हात अवघडला होता बहुतेक.

"बाबा, हलवू नका," ती म्हणाली.

"नाही हलवत," ते म्हणाले. "तू नीट बघ."